दाण्यांवरून ओल्या खाण्यावर: लालबागच्या एका बोक्याचं प्रकरण

परळ-लालबाग भागातल्या लहान प्राण्यांच्या एका दवाखान्यात मी डॉक्टरांची मदतनीस म्हणून काम करते. ज्या घरांना मांजराचा आहार बदलायला सांगितलेला असतो, त्यांचा पाठपुरावा माझ्याकडे असतो. बहुतेक वेळा तो फोनवर होतो, कधी घरी जावं लागतं. पुढच्या प्रकरणात घराची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, बोक्याचं नावही बदललं आहे. तारखा आणि मोजमापं दवाखान्याच्या कागदांतली आणि घरच्या वहीतली आहेत.

पार्श्वभूमी

बंड्या चार वर्षांचा, नसबंदी झालेला, करड्या पट्ट्यांचा देशी बोका. मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत पिल्लू असताना सापडला आणि घरात आला. घरात आजी, मुलगा, सून आणि चौथीतला नातू. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यामुळे दिवसभर बंड्याबरोबर आजी.

आल्यापासून त्याला ड्राय फूड. घरात सगळे त्याला 'दाणे' म्हणतात. त्यामागे आजींचं कारण साधं होतं. श्रावण, चतुर्थी, गुरुवार या दिवशी घरात मासळी-मटण शिजत नाही. मांजर तर रोज खाणार. दाण्यांना ओला वास नाही, भांडं खरकटं होत नाही, स्वयंपाकाच्या ओट्याशी त्यांचा संबंध येत नाही. शिवाय सकाळी वाटी भरली की संध्याकाळपर्यंत बघायला नको. चार वर्षं ती वाटी कधी रिकामी राहिली नाही. तो दिवसाला किती खातो हे त्यामुळे कुणालाच ठाऊक नव्हतं.

जुलै २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात तो सारखा लिटरच्या (मांजराच्या शी-शूसाठीच्या रेतीच्या) ट्रेमध्ये जाऊन बसू लागला. बसायचा, कण्हायचा, दोन-चार थेंब करून बाहेर यायचा. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या लादीवर गुलाबी ठिपका दिसला, तेव्हा सून त्याला पिशवीत घालून आमच्याकडे धावत आली.

अडचण

नशिबाने लघवी तुंबलेली नव्हती. बोक्याची मूत्रनळी मांजरीपेक्षा अरुंद असते. ती पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. म्हणून बोका ट्रेमध्ये जोर करतोय आणि लघवी येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघायची नसते. हे मी प्रत्येक घराला सांगते आणि इथेही सांगून ठेवते.

बंड्याच्या सोनोग्राफीत खडा नव्हता, जंतुसंसर्ग नव्हता. लघवीत स्ट्रुव्हाइट या खनिजाचे थोडे स्फटिक होते आणि लघवी फार दाट होती, विशिष्ट गुरुत्व (दाटपणाचा आकडा) १.०५८. वजन ५.६ किलो, म्हणजे त्याच्या चणीला अर्धा किलो तरी जास्त. डॉक्टरांनी दुखणं कमी करणारं औषध दिलं. मूत्राशयाची ही सूज मांजराला ताणामुळेही येते आणि परत परत येते, तेव्हा अंगात पाणी जास्त जायला हवं, असं सांगून त्यांनी ओलं खाणं सुरू करायला सांगितलं.

मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. शिकारीच्या मांसातून पाणी मिळवायचं आणि लघवी दाट करून ते राखायचं, ही त्याच्या शरीराची जुनी रीत. उंदरात, पाखरात दोन तृतीयांशांहून जास्त पाणीच असतं. दाण्यांत असतं ८-१० टक्के. वाटीतलं पाणी पिऊन मांजर ही तूट थोडीशी भरून काढतं, पूर्ण नाही. बंड्या तेव्हा रोज साधारण ७२ ग्रॅम दाणे खात होता (हे नंतर मोजल्यावर कळलं), म्हणजे खाण्यातून त्याला जेमतेम ७ मिलिलिटर पाणी मिळत होतं. ८० ग्रॅमच्या दोन ओल्या पाउचमधून सव्वाशे मिलिलिटर मिळतं. सगळा फरक या दोन आकड्यांत आहे.

आणि बंड्याला ओलं काहीच चालत नव्हतं. सुनेने पहिल्याच दिवशी पाउच उघडून समोर ठेवला, तर तो हुंगून मागे सरला आणि पंजाने वाटीभोवतीची लादी खरवडू लागला, ट्रेमधली घाण झाकतात तशी. आजी म्हणाल्या, "त्याला ते खाणं वाटतच नाही गं." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. त्याचा नेमका अर्थ माझ्या लक्षात यायला पुढे जवळजवळ तीन महिने गेले.

पर्याय

फक्त पाणी वाढवून बघू, असा पहिला विचार होता. कारंज्यासारखं वाहणारं पाण्याचं भांडं, घरात तीन ठिकाणी वाट्या. हे केलं, आजही चालू आहे, पण लघवीने लिटरचे जे गोळे होतात, त्यांच्या आकारात फरक दिसला नाही. दाणेच पाण्यात भिजवले, तर ते फुगून मऊ झाले आणि बंड्याने तोंड फिरवलं. मुंबईच्या जुलैमध्ये भिजवलेले दाणे दोन तासांत आंबूस वास मारायला लागतात, म्हणून तो नाद सोडला.

आजींचा ओढा घरच्या उकडलेल्या चिकनकडे होता. यावर आमचं बरंच बोलणं झालं, कारण हा पर्याय प्रत्येक मराठी घरात निघतो आणि प्रेमापोटीच निघतो. पण नुसत्या उकडलेल्या चिकनमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि फॉस्फरस भरपूर. मांजराला टॉरिन हे अमिनो आम्ल खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर हृदयाचे स्नायू पसरून कमकुवत होतात, हे १९८७ मध्येच सिद्ध झालं आहे. उकडताना टॉरिन पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण ओतून देतो. वर रश्श्यातून काढलेला तुकडा असेल तर त्यात कांदा-लसूण, आणि ते मांजराला विष. म्हणून चिकन चमचाभर, खाऊ म्हणून चालेल, जेवण म्हणून नाही, असं ठरलं. पाउच घेतानाही त्यावर 'पूर्ण व संतुलित आहार' असं लिहिलेलं आहे ना, हे बघायला लागतं. नळीतून पिळून द्यायचे क्रीमसारखे पदार्थ बहुतेक वेळा नुसता खाऊ असतात.

चौथा पर्याय मुलाचा होता. दाणे एकदम बंद करायचे, भूक लागली की खाईल. माणसाच्या पोराला हे लागू पडत असेल, मांजराला लागू पडत नाही. मांजर, त्यातही वजनदार मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत निकामी होऊ शकतं. हट्टी मांजर खरोखर तेवढे दिवस राहतं. हे मी सांगितलं, पण पुरेसं ठासून सांगितलं नाही. त्याची किंमत पुढे दिसली.

राहिला पर्याय हळूहळू बदलाचा. प्रश्न होता कधी सुरू करायचं. ५ ऑगस्टला श्रावण लागत होता. आजी म्हणाल्या, "श्रावण जाऊ दे, मग काय ते उघडा." मी मान्य केलं. देवाधर्माच्या बाबतीत घराला न दुखावता काम करायचं, ही माझी रीत आहे आणि त्यात मला चूक वाटत नाही. चूक वेगळीच झाली.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

श्रावण संपला सप्टेंबरच्या सुरुवातीला. ७ तारखेला गणपती. मधल्या चार दिवसांत आपण सुरुवात करून टाकू, असं मीच म्हटलं. लालबागमध्ये गणपतीच्या आदल्या आठवड्यात काय असतं हे इथे जन्म काढूनही माझ्या मनात आलं नाही. रस्त्यावर मांडवाचे बांबू, रात्री बारापर्यंत स्पीकर, घरात माळ्यावरून उतरलेली खोकी, रंगाचा वास, भावकीची ये-जा. बंड्या अर्धा दिवस पलंगाखाली होता.

३ तारखेला अर्धे दाणे आणि अर्धी माशाची ग्रेव्ही एका वाटीत कालवली. बोका मासळी बाजारातला, तेव्हा त्याला मासाच आवडणार, हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं. त्याने कडेचे चार कोरडे दाणे उचलले, बाकी तसंच. ४ तारखेला मुलाने औषधाची उरलेली गोळी ग्रेव्हीत दडवली. बंड्याने दोनदा चाटलं, कडू लागलं, तोंडाला फेस आला आणि तो पळाला. त्या वासाचा पाउच त्यानंतर त्याने आजतागायत खाल्लेला नाही. एकदा एखाद्या चवीमागे त्रास झाला की मांजर ती चव विसरत नाही.

५ तारखेला रात्री अकराला सुनेचा फोन आला. आदल्या रात्री नऊनंतर त्याने काही खाल्लेलं नव्हतं. दाणे दिले तर सगळं मुसळ केरात, म्हणून ते दिवसभर धीर धरून बसले होते. आजी पलीकडून रडवेल्या आवाजात म्हणत होत्या, "तो माझ्याकडे बघतोय."

हा या प्रकरणातला सगळ्यांत मोठा निर्णय. उपाशी राहून २६ तास झाले होते. मी सांगितलं, आत्ताच्या आत्ता कोरडे दाणे ठेवा, जुन्या वाटीत, जुन्या जागी, आणि कुणीही त्याच्याकडे बघत बसू नका. दहा मिनिटांनी तो पलंगाखालून आला आणि खाल्लं. सकाळी पुन्हा नीट खाल्लं. तेव्हा डॉक्टरांना फक्त कळवून ठेवलं, आणायची वेळ आली नाही.

मुलाच्या दृष्टीने हा पराभव होता. माझ्या दृष्टीने तो उपास २४ तासांच्या आत मोडायला हवा होता. सुरुवात करतानाच मी कागदावर लिहून द्यायला हवं होतं: पूर्ण एक दिवस काही खाल्लं नाही तर माघार, कुणाला न विचारता. ते मी दिलं नव्हतं.

दुसरा प्रयत्न

विसर्जन १७ तारखेला झालं. मंडप उतरून गल्ली शांत होईपर्यंत आम्ही थांबलो आणि २३ सप्टेंबरला सुरुवात केली. या वेळी मी घरी गेले आणि सुनेशी नाही, आजींशी बोलले.

पहिले दोन आठवडे ओलं काही दिलंच नाही. फक्त वाटीच्या वेळा बांधल्या. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. २५ मिनिटांनी वाटी उचलायची, उरलेलं वजन करून वहीत लिहायचं. पीठ मोजायचा डिजिटल काटा घरात होताच. पहिले चार दिवस त्याला हवं तेवढं खाऊ दिलं, तेव्हा ७२ ग्रॅमचा आकडा मिळाला. मग डॉक्टरांना विचारून ६० वर आणलं. वाटी सदैव भरलेली असली की मांजराला नवं काही चाखायचं कारणच उरत नाही. वेळेवर लागलेली भूक आणि उपासमार यांत फार अंतर आहे, आणि या सगळ्या कामाची जागा त्या अंतरातच आहे.

आठव्या दिवशी आकडे जुळेनात. दुपारी दोनची वाटी जवळजवळ तशीच राहू लागली. दोन दिवसांनी उलगडा झाला. नातू शाळेतून दीडला यायचा आणि दप्तर टाकल्याबरोबर मूठभर दाणे द्यायचा, मित्राला खाऊ द्यावा तसा. त्याला रागावू नका असं मी घरी सांगितलं आणि वजन करायचं काम त्याच्याकडेच सोपवलं. त्यानंतरच्या नोंदी वहीत पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत आहेत आणि एकही दिवस चुकलेला नाही.

७ ऑक्टोबरपासून पाउच. नवरात्र चालू होतं, घट बसलेले होते, तरी खंड पडला नाही, कारण व्यवस्था आधीच लावली होती. पाउच गॅलरीत उघडायचा, तिथेच वेगळी बशी, वेगळा चमचा, धुवायला वेगळी घासणी. उरलेला अर्धा घट्ट झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्यात, फ्रिजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, दुसऱ्या दिवसापर्यंतच. फ्रिजमधला द्यायच्या आधी डबा पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचा आणि मनगटावर लावून बघायचा, बाळाचं दूध बघतात तसा. गार खाण्याला वास येत नाही आणि मांजर आधी नाकाने जेवतं.

कालवाकालव या वेळी अजिबात केली नाही. दाण्यांची वाटी तिच्या जागी आणि हातभर अंतरावर पसरट बशीत चमचाभर ओलं. दाणे त्याचे हक्काचे, त्यांना कुणी हात लावत नाही, ही खात्री त्याला आधी हवी होती. आजींचं ते वाक्य मला इथे समजलं. चार वर्षं खाणं म्हणजे कोरडं, कुरकुरीत, खडखड वाजणारं. लहानपणी जे खाणं म्हणून ओळखलं तेच मांजर पुढे खाणं मानतं. बंड्या नखरे करत नव्हता, त्याला ती वस्तू ओळखू येत नव्हती.

पाच दिवस त्याने बशीकडे पाहिलंही नाही. मग आजींना सुचलं की वर सुका जवळा भुरभुरावा. वास खरंच घरभर गेला असता आणि बंड्या आलाही असता. पण सुक्या मासळीत मीठ आणि खनिजं जास्त, आणि आपला बोका लघवीचा रुग्ण. डॉक्टरांनी नको म्हटलं. त्याऐवजी त्याचेच दाणे कुटून घालू, असं मी सुचवलं. आजींनी माळ्यावरून जुना पितळी खलबत्ता काढला. दुपारच्या शांततेत त्या दोन-तीन ठोके घालायच्या, दाणे फुटल्याचा करकर आवाज व्हायचा आणि त्या आवाजाला बंड्याचे कान वळायचे. बत्ता थांबेपर्यंत तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसायला लागला. त्या पिवळसर भुकटीचा पातळ थर ओल्यावर दिसला, की आधी जिभेच्या टोकाने भुकटी, मग तिच्याखालचं ओलं.

चव आणि पोत सापडायला वेळ गेला. ग्रेव्हीतले तुकडे तो ठेवायचा आणि रस चाटायचा. काट्याने तुकडे रश्श्यात रगडून दिले, तर थोडं जास्त गेलं. शेवटी चिकनचा, गुळगुळीत लगद्यासारखा प्रकार त्याला पटला. मासा नाहीच. त्याचे दाणे चिकनचे होते, हे आम्ही आधी लक्षात घ्यायला हवं होतं. १९ ऑक्टोबरच्या पानावर नातवाने लिहिलं आहे: 'सगळी बशी चाटली. ११ ग्रॅम.'

दिवाळीची रात्र

१ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, खाली फटाक्यांची लड लागली आणि तासाभरात बंड्या ट्रेमध्ये जोर करायला लागला. घरच्यांनी वेळ घालवला नाही. आमचा दवाखाना बंद होता, म्हणून ते त्याला परळच्या जनावरांच्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेले, ज्याला इथले जुने लोक अजून बैलघोडा म्हणतात. लघवी तुंबलेली नव्हती, सूज होती, औषधावर भागलं. ओलं खाणं सुरू झालं म्हणून आता काळजी मिटली, असं मुलाला वाटत होतं. ताणाने येणारी सूज खाण्याने कमी होते, थांबतेच असं नाही. त्यानंतर बंड्याची गादी रस्त्याच्या बाजूची खिडकी सोडून आतल्या कपाटात हलवली आणि दुसरा लिटर ट्रे घेतला.

त्या आठवड्यात ओल्याचं प्रमाण वाढवायचं नाही, आहे तिथेच राहायचं, हा निर्णय आम्ही घेतला आणि तो बरोबर ठरला. तो खात राहिला.

निष्पत्ती

डिसेंबरच्या मध्यापासून दिवसाला दोन पाउच, प्रत्येकात चमचाभर कोमट पाणी, आणि रात्री २५ ग्रॅम दाणे. त्यापलीकडे तो गेला नाही. दाणे पूर्ण सोडवायचे का, यावर पुन्हा बोलणं झालं. पाउच तेव्हा त्यांना ४५ रुपयांना पडत होता, म्हणजे महिन्याला २,७०० रुपये, जिथे आधी दाण्यांवर सात-आठशे जायचे. तिसरा पाउच घराला झेपणारा नव्हता, आणि डॉक्टरांनाही त्याची गरज वाटली नाही. आपल्याला पाणी हवं होतं आणि ते मिळत होतं. शिवाय मे महिन्यात सगळे गावी जातात, तेव्हा शेजारच्या काकू फक्त दाणेच घालू शकतात. दाणे त्याच्या ओळखीचे राहिलेले बरे.

जानेवारी २०२५ मध्ये लघवीचं विशिष्ट गुरुत्व १.०३६ आलं, स्फटिक दिसले नाहीत. वजन ५.३ किलो. लिटरमध्ये पूर्वी दिवसाला लिंबाएवढे दोन गोळे निघायचे, आता मध्यम बटाट्याएवढे तीन निघतात. हा बदल आजींच्या सगळ्यांत आधी लक्षात आला होता, तपासणीच्या कितीतरी आधी.

काय वेगळं करता आलं असतं

श्रावणाचा महिना मी वाया घालवला. वाटीच्या वेळा बांधायला आणि दाणे मोजायला पाउच उघडावा लागत नाही, मासळी घरात यावी लागत नाही. ते काम ५ ऑगस्टला सुरू झालं असतं, तर सप्टेंबरात घाई करायचं कारणच उरलं नसतं. आजींनी पाउच थांबवायला सांगितलं होतं आणि मी सगळंच थांबवलं.

पहिले दोन महिने मी जिच्या हातात फोन तिच्याशी बोलत होते. वाटी मात्र आजींच्या आणि नातवाच्या हातात होती. आता नव्या घरी मी आधी विचारते की सकाळी उठून पहिली वाटी कोण भरतं, आणि त्या माणसाशीच बोलते.

औषध आणि नवं खाणं एकत्र नको, हे आता आमच्या सूचनापत्रात वेगळ्या ओळीत आहे. गोळी द्यायचीच तर जुन्या, ओळखीच्या खाऊतून किंवा थेट तोंडात, आणि ती कशी द्यायची हे दवाखान्यात दाखवूनच घरी पाठवायचं. २४ तासांची मर्यादाही त्याच कागदावर आहे, वरच्या बाजूला, ठळक अक्षरांत.

दुसऱ्या प्रयत्नात पाउच सुरू करण्याआधी दोन आठवडे थांबलो, ते जास्त होते का, हे मुलाने मला विचारलं होतं. एखाद्या सडपातळ, दीड वर्षाच्या मांजराला एक आठवडा पुरला असता. बंड्याचं वजन आणि त्याची ती २६ तासांची रात्र लक्षात घेता मी आजही तेवढेच दिवस घेईन.

त्याची पुढची लघवी तपासणी एप्रिल २०२५ मध्ये ठरली होती, घरचे गावी निघण्याआधी. तोवर काकूंना एक पाउच तरी उघडायला राजी करता येतं का, ते आजी बघणार होत्या. खलबत्ता त्यांनी परत माळ्यावर टाकलेला नव्हता.